खालचा आवाज

मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, तिथे सगळ्यात लवकर फाटणारी पुस्तकं म्हणजे सवयींवरची. पहाटे कसं उठावं, राग कसा गिळावा, दिवसाचं वेळापत्रक कसं पाळावं. मुलं ती नेतात आणि हमखास उशिरा परत आणतात, यावरून त्यांचा किती उपयोग झाला ते कळतं. मी स्वतः त्यातलं एकही पुरतं वाचलेलं नाही. पण वाढत्या वयात माणूस स्वतःला बदलू शकतो का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एक उदाहरण आहे, आणि ते माझंच आहे. मी माझा आवाज बदलला.

मी मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरचा. आमच्या गल्लीत त्या काळी जवळपास प्रत्येक घरात हातमाग होता. समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे माग. धोटा एका बाजूने दुसरीकडे गेला की खट, फणीचा ठोका बसला की पुन्हा खट. सकाळी चहा झाला की हा आवाज सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. त्यात बोलायचं तर ओरडावंच लागे. आई स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, भात टाकू का, आणि बाबा मागावरून ओरडून सांगायचे, टाक. तेवढ्यानेही भागलं नाही तर एकमेकांच्या ओठांकडे बघायचं. बाबांना ओठांवरून निम्मं बोलणं कळायचं. गल्लीतल्या सगळ्याच मोठ्या माणसांना कळायचं, त्यात कुणाला विशेष काही वाटत नसे.

ही सवय मागापुरती राहिली नव्हती. माग बंद असला तरी आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. लग्नात, दवाखान्यात, देवळाच्या पायरीवर. प्रेमाचं बोलणं ओरडून, थट्टा ओरडून, शिवीही ओरडूनच. त्यामुळे ओरडण्याला आमच्याकडे राग समजत नसत. खालचा आवाज मात्र दोनच वेळी लागायचा. एक, कुणी गेल्याची बातमी सांगताना. दोन, कुणाशी कायमचं तोडताना.

दुसरा प्रकार मी लहानपणी एकदा पाहिला आहे. बाबांचे थोरले भाऊ भर दुपारी आमच्याकडे आले. त्यांनी मागाच्या लाकडावर हात ठेवून तो थांबवला. मग बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन अगदी हळू आवाजात ते दोन वाक्यं बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, बाबांनी पुढेही कधी सांगितलं नाही. काका निघून गेले आणि पुन्हा आमच्या घराची पायरी चढले नाहीत. बाबा पुन्हा धोटा फेकू लागले. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, त्यामुळे मला फार भीती वाटली होती.

नागपुरात मी शिकायला आलो आणि पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात चिकटलो. पहिल्याच दिवशी एका विद्यार्थ्याने भूगोलाचं पुस्तक मागितलं, आणि ते कोणत्या कपाटात आहे ते मी त्याला सांगितलं. वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली. आमचे मुख्य ग्रंथपाल अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला काही म्हटलं नाही, फक्त एक चिठ्ठी माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिच्यावर एकच शब्द होता, आवाज. तशी चिठ्ठी मला त्या आठवड्यात रोज मिळाली. सहाव्या दिवशी ते नवीन चिठ्ठी लिहायचे थांबले आणि जुनीच पुन्हा पुन्हा आणून ठेवू लागले.

मला त्याची लाज वाटली, इतकी की मी हट्टाला पेटलो. नागपूरच्या महाल भागात मी एक खोली भाड्याने घेतली होती. तिच्या गच्चीवर जाऊन मी रोज वर्तमानपत्र खालच्या आवाजात वाचायचो. गळ्यावर हात ठेवायचा, हाताला थरथर जाणवली तर आवाज जास्त. बोलण्याआधी एक आवंढा गिळायचा, म्हणजे पहिला शब्द दणक्यात बाहेर येत नाही. मान थोडी खाली घालायची, म्हणजे आवाज टेबलात जिरतो. सगळं माझं मीच शोधून काढलं. याला तीन वर्षं लागली. चौथ्या वर्षी एका मुलीने मला 'सर, जरा मोठ्याने सांगता का' असं म्हटलं, तेव्हा मी इतका खूश झालो की तिला नियमापेक्षा दोन पुस्तकं जास्त दिली.

आवाजाबरोबर बोलीही गेली. मले, तुले, 'का'च्या जागी काहून, हे सगळं मी उमरेडच्या गाडीत चढतानाच तोंडात आणायचो आणि परत येताना उतरवून ठेवायचो. हळूहळू तिकडे जातानाही ते आणावंसं वाटेना. मी सुधारलो होतो, आणि सुधारलेल्या माणसाला मूळ गावी जाताना जरा अवघडल्यासारखं होतं, तसं मलाही होई.

माझी बायको महालातलीच, शाळेत शिक्षिका. लग्न ठरवताना तिला माझा शांतपणा आवडला होता, असं ती सांगते. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आमची उमरेडची मंडळी आली. किती पंगती बसवायच्या यावर माझे बाबा, आत्या आणि दोन मामा आपसात चर्चा करू लागले. तिच्या घरची माणसं धावत अंगणात आली, कुणीतरी मध्ये पडायला पुढे झालं. भांडण नाही, ते नुसतं बोलत आहेत, हे त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते अगदी खालच्या आवाजात केलं. आजही तिच्या माहेरी हा किस्सा निघाला की हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळते. मीही हसतो.

आई गेल्यावर बाबा दोन वर्षं उमरेडच्या घरात एकटे राहिले. माग त्याच्या आधीच बंद झाला होता. गल्लीतले बाकीचेही एकेक करून बंद झाले होते, कुणी कोळशाच्या खाणीत लागलं, कुणी दुकान टाकलं. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांना कमी दिसायचं. एकदा अंधारात त्यांचा पाय मागाच्या रिकाम्या खड्ड्यात गेला. थोडक्यात निभावलं, पण मी घाबरलो. पुढच्या रविवारी गवंडी घेऊन गेलो, मागाची लाकडं काढून मागच्या पडवीत रचली आणि खड्डा मुरूम घालून बुजवून घेतला. वर कोबा केला. बाबा बाजेवर बसून सगळं पाहत होते. मी विचारलं, चालेल ना? त्यांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार, असं मला वाटलं. त्यानंतर महिन्याभराने, होळी झाल्यावर, मी त्यांना नागपूरला माझ्याकडे घेऊन आलो. कायमचे, असं ठरलं होतं. उमरेडच्या घराला कुलूप लावून किल्ली त्यांनी स्वतःच्या बंडीच्या खिशात ठेवली.

सुरुवातीचे आठ दिवस बरे गेले. मग माझ्या लक्षात आलं की बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

बोलत नाहीत म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. मी काही विचारलं की माझ्याकडे बघायचे, बराच वेळ बघायचे आणि मान हलवायचे, किंवा 'हो' म्हणायचे. जेवण झालं का? हो. भाजीत तिखट जास्त झालंय का? हो. उद्या दवाखान्यात जाऊ या? त्यावर नुसती मान. मार्चच्या अखेरीस कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या, पाणी भरलं, कूलर सुरू केला. बाबांनी आपली खुर्ची उचलून थेट कूलरसमोर नेली आणि दिवसभर तिथेच बसू लागले. त्या घरघराटात बोलणं शक्यच नव्हतं. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणूनच ते तिथे बसतात, असा निष्कर्ष मी काढला.

माझ्या बायकोने त्यांचे कान तपासून घ्यायचं सुचवलं. मी म्हटलं, त्यांना सगळं ऐकू येतं. माझ्याकडे पुरावे होते. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. रोज सकाळी खाली भाजीची गाडी येते आणि तो भाजीवाला 'ताजी पालक, ताजी मेथी' असं सगळ्या कॉलनीला ऐकवत असतो. बाबा गॅलरीत उभे राहून त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलायचे. वांगी कुठली, पाऊस कसा होणार, तुह्या गावाकडे पाणी आहे का. उमरेडहून आत्याचा फोन आला की दोघं भाऊ-बहीण अशा गप्पा मारायचे की फोनची गरजच नव्हती. सूनबाईशीही बोलायचे. ती शाळेतून आली की वर्गातल्या आवाजात विचारायची, 'बाबा, चहा मांडू का?' आणि तेही तेवढ्याच आवाजात म्हणायचे, 'मांड बाई, अद्रक टाक.' म्हणजे ऐकू येत होतं. फक्त माझंच येत नव्हतं.

आता लिहिताना हे सगळं ढळढळीत दिसतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझे बाबा जगातल्या सगळ्यांशी बोलतात आणि माझ्याशी नाही. मला वाईट वाटायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. पन्नाशीला आलेला माणूस, दिवसभर कॉलेजात सर सर म्हणवून घेणारा, घरी येऊन भाजीवाल्यावर जळत होता.

कारण काय असेल याचा मी बराच विचार केला आणि शेवटी मला ते सापडलं. खड्डा. ज्या खड्ड्यात बसून या माणसाने चाळीस वर्षं काम केलं, तो मी एका रविवारात बुजवला होता, आणि विचारलं होतं तेही गवंडी काम सुरू केल्यावर. सगळा हिशेब जुळला. मला माझीच शरम वाटली. ठरवलं, माफी मागायची.

माफी मागण्याची मी जी तयारी केली ती मला आजही पाठ आहे. एका शनिवारी कॉलेजला अर्धी सुट्टी होती. बायको शेजारी हळदी-कुंकवाला गेली होती. मी घरी आलो, हातपाय धुतले, कूलर बंद केला, बाबांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसलो. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आवंढा गिळला, मान खाली घातली आणि माझ्याजवळचा सगळ्यात नम्र, सगळ्यात हळू आवाज काढून बोलायला लागलो. म्हटलं, बाबा, माझं चुकलं. तुम्हाला न विचारता मी तसं करायला नको होतं. ते तुमचं घर आहे. तुम्हाला पुन्हा माग लावायचा असेल तर खड्डा पुन्हा खणून देतो. मी बराच वेळ बोललो. बोलता बोलता आवाज आणखी खाली गेला.

मी वर पाहिलं तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांचा हात गुडघ्यावरून निघाला आणि बंडीच्या खिशाकडे गेला. खिशात किल्ली होती. ते म्हणाले, 'बरं.' एवढंच. मग उठून त्यांनी स्वतः कूलर सुरू केला.

मला वाटलं, माफी पोचली. मन हलकं झालं. त्या संध्याकाळी मी बायकोला उत्साहाने पोहे करून घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून बाहेरच्या खोलीत बसले होते. शेजारी त्यांची कापडी बॅग, वरून सुतळीने बांधलेली. बायकोने विचारलं, 'बाबा, हे काय? कुठे निघालात?' ते म्हणाले, 'घराकडे. घर पाहा लागते.' तिने खूप आग्रह केला. उन्हाळा आहे, तिथे कोण आहे, जेवणाचं काय. ते प्रत्येक वेळी तेच म्हणाले, घर पाहा लागते. ती आत येऊन मला म्हणाली, 'तुम्ही काल काही बोललात का त्यांना?' मी म्हटलं, 'माफी मागितली.' तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच बोलण्याची शंका आली.

मी त्यांना स्कूटरवर बसवून बस स्टँडवर नेलं. उमरेडची गाडी लागलेलीच होती. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा राहून म्हटलं, सांभाळून जा, पोचल्यावर फोन करा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग समोर बघायला लागले. गाडी निघेपर्यंत ते समोरच बघत होते. मला तेव्हा स्पष्टपणे असं वाटलं की माझे बाबा मला कायमचे सोडून चालले आहेत, आणि मी त्यांना गाडीत बसवून देतो आहे. स्कूटर सुरू करायला मला दोनदा किक मारावी लागली.

चार दिवस गेले. पोचल्याचा फोन काही आला नाही. मी केला की फोन उचलायचे, 'हॅलो, हॅलो, कोण?' असं दोन-तीनदा म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. माझा आवाज ओळखून ठेवतात, अशी माझी खात्री झाली. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, कमी दिसतं, एकटा घरात, वर उन्हाळा. मी कॉलेजात बसून पुस्तकांवर शिक्के मारत होतो आणि एका पुस्तकावर तीन तीन शिक्के पडत होते.

पाचव्या दिवशी आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, उमरेडलाच शेजारच्या गल्लीत राहते. तिचा फोन मी नेहमी कानापासून वीतभर लांब धरतो. मी वाचनकक्षात होतो. तिचं पहिलंच वाक्य पाच-सहा टेबलांपर्यंत पोचलं.

'काय गा, तू आपल्या बापाले काय सांगितलं?'

मी व्हरांड्यात पळालो आणि म्हटलं, 'काहीच नाही, आत्या.'

'काय? मोठ्यानं बोल ना!'

'काही नाही सांगितलं!'

'मंग तो काहून आला इकडे? दोन दिवस त्याले विचारून राहिली मी. काल सांगितलं त्यानं. म्हणते, पोट्ट्यानं कूलर बंद केला, जवळ बसला, मान खाली घातली अन हळू आवाजात सांगितलं मले. म्हणते, आता अजून काय आयकाचं राहिलं?'

मी म्हटलं, 'आत्या, मी माफी मागत होतो.'

ती क्षणभर गप्प झाली. आत्या गप्प होणं हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवला. मग ती म्हणाली, 'मंग हळू काहून बोलला?'

माझ्या डोळ्यांसमोर थोरले काका आले, मागाच्या लाकडावर ठेवलेला त्यांचा हात आला. मी कूलर तसाच थांबवला होता. तसाच जवळ गेलो होतो. बाबांना माझे शब्द ऐकूच आले नव्हते, आणि मान खाली घातल्यामुळे ओठही दिसले नव्हते. त्यांच्यापर्यंत पोचला तो फक्त खालचा आवाज. आणि कुणी गेल्याची बातमी तर नव्हती, म्हणजे त्यांच्या हिशेबाने उरला तो दुसराच प्रकार, कायमचं तोडण्याचा.

मी व्हरांड्यातच बाकावर बसलो. फोनवर आत्या 'हॅलो, हॅलो' करत होती. वीस वर्षांत मी वडिलांशी काय काय बोललो ते मला आठवू लागलं. नोकरी कायम झाल्याचं, घर घेतल्याचं, आईच्या आजारपणाचं. त्यातलं त्यांना किती कळलं असेल? आई असताना ती मध्ये असायची. मी हळू सांगायचो, ती ओरडून त्यांना सांगायची. मला वाटायचं, बायकांना तशी सवयच असते.

रविवारी दुपारी मी उमरेडला गेलो. गाडीतून उतरून गल्लीत शिरलो तेव्हा ऊन मी मी म्हणत होतं. गल्लीत आवाज नव्हता. एकही माग सुरू नव्हता. कुठेतरी टीव्ही चालू होता, तेवढाच. आमचं दार उघडं होतं. बाबा समोरच्या खोलीत, बुजवलेल्या खड्ड्यावरच बाज टाकून बसले होते. तिथे वारा लागतो. कोपऱ्यात त्यांची कापडी बॅग होती, सुतळी तशीच बांधलेली. आठ दिवस होत आले होते आणि त्यांनी ती सोडली नव्हती.

मला पाहून ते उठायला लागले. मी म्हटलं, बसा. सवयीने हळूच म्हटलं. त्यांचा चेहरा लगेच बंद झाला आणि ते भिंतीकडे बघायला लागले. मी समोर जाऊन उभा राहिलो. घशात आवंढा आला होता, तो गिळला नाही. मान वर ठेवली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. एवढ्या वर्षांत ती जागा गंजली होती. पहिला आवाज फाटला, वयात येणाऱ्या मुलाचा फाटतो तसा. दुसऱ्यांदा मात्र निघाला, आणि त्याच्याबरोबर मी उतरवून ठेवलेलं बाकीचंही सगळं निघालं.

'बाबा! म्या खड्डा बुजवला म्हणून तुमाले राग आला का?'

बाबांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. 'कोणता खड्डा?'

'मागाचा!'

'त्याचा कायले राग येईन? मीच बुजवणार होतो. तुह्या मायचा पाय मुरगळला होता त्याच्यात. तवापासून ती मागं लागली होती माह्या.'

'मंग तुमी निघून काहून आले?'

'तूच तर सांगितलं.'

'म्या कुठं सांगितलं जा म्हणून! म्या माफी मांगून राहिलो होतो!'

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'माफी अशी हळू मांगतेत का गा?'

'चुकलं माह्यं!' मी ओरडलो. 'तुमी चाला घरी! तुमच्याबिगर करमत नाही मले!' हे वाक्य मी आयुष्यात कुणाला कोणत्याही आवाजात म्हटलेलं नव्हतं. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असणार, कारण टीव्हीचा आवाज बंद झाला.

दारात समोरच्या घरातली बाई येऊन उभी राहिली, पदराने हात पुसत. तिच्यामागे आणखी दोघं. ती घाबरलेली दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि ओरडून विचारलं, 'काय झालं, काका? भांडण होऊन राहिलं का?'

बाबांनी बाजेखालच्या चपला पायाने ओढल्या. बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

'भांडण नाही वं,' ते म्हणाले. 'पोट्टा बोलून राहिला माह्याशी. हे किल्ली ठेव तुह्यापाशी, आमी साडेचारच्या गाडीनं जाऊन राहिलो.'